आरेखनाचे टेबल सोडल्यानंतर

चाळिशी ओलांडलेल्या माणसाची दृष्टी जाऊ लागली की त्याला कामे सुचवणाऱ्यांचा तोटा नसतो. टेलिफोन ऑपरेटर व्हा, खुर्च्या विणा, मेणबत्त्या करा, संवादिनीच्या शिकवण्या घ्या, आणि माणूस गोव्यातल्या फोंड्याकडचा असेल तर देवळातल्या भजनाला बसा, हेही ओघाने येतेच. ही सगळी कामे मानाची आहेत आणि त्यांवर अनेक दृष्टिहीन माणसांचे संसार उभे आहेत. माझा आक्षेप कामांना नाही, ती सुचवण्याच्या पद्धतीला आहे. सुचवणारा या माणसाला आता काय दिसत नाही एवढेच पाहतो. गेली वीस वर्षे त्याला काय येत होते, हे तो विचारत नाही. मी वीसेक वर्षे ड्राफ्ट्समन होतो. घरांचे आराखडे, भूखंडांची विभागणी, परवान्यासाठी लागणारे साइट प्लॅन हे माझे काम होते. आज मी आराखडा काढू शकत नाही, तरीही माझी रोजीरोटी जमिनीच्या हद्दींवरच चालते. हे कसे घडले ते सविस्तर लिहावेसे वाटते, कारण अशाच वळणावर उभ्या असलेल्या एखाद्याला त्यातून आपली वाट शोधता येईल अशी मला आशा आहे.

माझ्या आजाराचे नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. हा आनुवंशिक आजार जगभरात साधारण चार हजारांमागे एकाला होतो. आपल्या दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात आणि नजरेच्या कडेला असलेले टिपतात, तर शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात. या आजारात बहुधा दंडपेशी आधी मरतात, त्यामुळे पहिली तक्रार रात्रीची असते. गावच्या जत्रेत मांडवाच्या झगझगीत दिव्यांतून बाहेर पडले की पुढची पायवाट मला नाहीशी झाल्यासारखी वाटे आणि बरोबरचे लोक मात्र सहज चालत जात. घरच्यांनी गाजरे खायला घातली, माशाच्या यकृताचे तेल आणले, कारण रातांधळेपणा म्हटला की आपल्याकडे जीवनसत्त्व ‘अ’ आठवते. त्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रातांधळेपणा वेगळा आणि तो भरूनही निघतो. माझ्या पेशी जनुकातल्या दोषामुळे मरत होत्या. २०१७ मध्ये अमेरिकेत या कुळातल्या आजारांपैकी एका विशिष्ट जनुकाच्या दोषावर जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, आणि ती बातमी आजही कोणी ना कोणी मला मोठ्या मायेने पाठवत असते. माझ्यातला दोष त्या जनुकातला नाही. मुलीला हा आजार होईल का, ही चिंता मात्र जनुकीय समुपदेशकांशी सविस्तर बोलल्यावर बरीचशी उतरली. माझ्या प्रकारात आई आणि वडील या दोघांकडूनही दोष आला तरच आजार उद्भवतो.

निदान पक्के झाले ते दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत. एका डोळ्यावर झाकण असते, हनुवटी टेकवून एका पांढऱ्या अर्धगोलाच्या आत मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची असते आणि कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे असते. खोलीत पूर्ण शांतता होती, यंत्राची बारीक घरघर ऐकू येत होती, आणि बराच वेळ बटण दाबण्याची वेळच येत नव्हती. मला वाटले, यंत्र अजून सुरू झालेले नसावे. नंतर जो कागद छापून आला तो काळ्या-करड्या छटांचा होता, आणि मध्यभागी थोडी पांढरी जागा उरली होती. नकाशे वाचण्याचा माझा सराव असल्यामुळे डॉक्टरांनी बोलायला सुरुवात करण्याआधीच मला माझी हद्द कळली होती.

या मधल्या पांढऱ्या जागेने पुढची काही वर्षे विचित्र अवस्था निर्माण केली आणि तिच्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण ती बाहेरून कोणालाच समजत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अंधत्वाच्या व्याख्येत दृष्टी पूर्णपणे नसण्याखेरीज आणखी दोन वेगवेगळे निकष येतात: चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असणे (म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसते ते ३ मीटरवरूनही न दिसणे), किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणे. दृष्टिक्षेत्राच्या निकषाने मी कायद्याच्या दृष्टीने अंध ठरलो, तेव्हा वर्तमानपत्रातला बारीक मजकूर मी अजून वाचू शकत होतो. बसमध्ये मोबाइल वाचणारा माणूस उतरताना पांढरी काठी उघडतो, हे पाहून लोक चकित होतात आणि काही जण तोंडावर म्हणतात की हा नाटक करतो. त्यांना दोष देता येत नाही. ज्याला समोरचे अक्षर दिसते त्याला शेजारचा विजेचा खांब, पायाजवळचे गटार, पुढे आलेला चिऱ्यांचा कठडा दिसत नाही, ही गोष्ट अनुभवाशिवाय पटणारी नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले, पुढे ओळखपत्रही आले, आणि बसच्या वाहकाला ते दाखवून विषय मिटवता येऊ लागला.

कार्यालयातले काम मात्र मिटत गेले. संगणकावरच्या आराखड्यात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे रेघ न्यायची म्हणजे पूर्ण आकृती एका नजरेत असावी लागते. मला ती चिमटीएवढ्या तुकड्यांतून जुळवावी लागे. मग मधली दृष्टीही धूसर होऊ लागली. काम सोडण्याची वेळ आली तेव्हा मला कायद्यातला एक फरक नीट कळला. वरच्याच अधिनियमाच्या कलम २०, पोटकलम ४ प्रमाणे सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला सेवेत असताना अपंगत्व आले तर त्याला काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. त्या पदाचे काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपलीकडच्या जादा पदावर ठेवावे लागते. असेच संरक्षण त्याआधीच्या, १९९५ च्या कायद्यातही होते. माझी नोकरी खाजगी होती, त्यामुळे हे कलम माझ्या कामाचे नव्हते. सरकारी नोकरीत असलेल्या आणि दृष्टी कमी होत चाललेल्या प्रत्येकाला मी हे कलम आवर्जून सांगतो, कारण घाबरून स्वतःच राजीनामा देणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि एकदा राजीनामा दिला की या कलमाचा आधार घेणे फार अवघड होते.

त्यानंतरचा काळ घरातला. पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका असल्यामुळे चूल पेटत राहिली, घराच्या कर्जाचे हप्तेही गेले. मला कष्ट झाले ते रिकामपणाचे आणि माझ्या वतीने सगळे करू लागलेल्या हातांचे. प्रेमापोटी पानातल्या बांगड्याचे काटे काढून दिले जाऊ लागले, तेव्हा मी तेवढे मात्र थांबवले. काटा ओळखण्याचे काम गोव्यातल्या माणसाची जीभ लहानपणापासून करत आलेली असते, तिथे डोळ्यांची गरज नसते. त्याच दिवसांत मला भिंतींवर बारीक जाळी दिसू लागली, अगदी आलेख कागदावर असते तशी, कधी चिऱ्यांच्या बांधकामासारखी. मन बिघडते आहे की काय या शंकेने मी कोणाजवळ बोलायला धजत नव्हतो. दृष्टी गेलेल्या कित्येकांना असे आकार दिसतात. चार्ल्स बॉने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या आजोबांना आलेला हा अनुभव १७६० मध्ये नोंदवला आणि त्याच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. डोळ्यांकडून माहिती येईनाशी झाली की मेंदू आपल्या परीने चित्रे तयार करतो, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्या घरात म्हातारी माणसे दृष्टी गमावत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण अशी माणसे भीतीने गप्प बसतात आणि त्यांना वेड लागल्याचा ग्रह घरचे करून घेतात.

काठी आणि संगणक या दोन गोष्टी मी शिकून घेतल्या. लांब काठी डावी-उजवीकडे टेकवत चालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी विकसित केली. डावे पाऊल पुढे पडत असताना काठीचे टोक उजवीकडे टेकते, म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. आमच्याकडे पावसाळ्यात ही शिस्त फार कसोटीला लागते. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात काठी असते, पत्र्यांवर कोसळणाऱ्या सरींमुळे गाड्यांचा आवाज लपतो, आणि रस्त्याच्या कडेची गटारे तुडुंब वाहत असल्यामुळे काठीला तळ लागत नाही. याउलट गोव्यातल्या खाजगी बसगाड्यांचे कंडक्टर माझ्यासारख्यांचे मोठे मित्र आहेत. फोंड्याच्या स्थानकावर उभे राहिले की कोणती बस म्हार्दोळ, बाणस्तारीमार्गे पणजीला जाणार आणि कोणती मडगावला, हे त्यांच्या आरोळ्यांवरून कळते, फलक वाचण्याची गरजच पडत नाही. संगणकासाठी एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, मी वापरतो. तो ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोघा दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून विकसित केला आहे. सुरुवातीला त्याचा वेग असह्य वाटतो, पण कान तयार होतात. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तिथे निरनिराळ्या नोकऱ्या करणारी दृष्टिहीन माणसे भेटली, आणि त्यांच्याशी बोलताना एक समान धागा माझ्या ध्यानात आला: ज्यांची दृष्टी वयात आल्यावर गेली होती, त्यांतले जे समाधानी होते ते बहुतेक आपल्या जुन्याच क्षेत्राच्या आसपास राहिले होते.

माझ्या बाबतीत तशी संधी एका वकीलबाईंच्या फोनने आली. मी पूर्वी त्यांच्या पक्षकारांसाठी आराखडे करत असे. एका जुन्या विभागणीत ओहोळ नेमका कोणत्या बाजूला होता, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी सांगितले, आणि सहज म्हटले, “बाई, जुने विक्रीखत हाताशी असेल तर त्यातल्या चार हद्दी वाचून दाखवा.” त्यांनी वाचल्या. पूर्वेला देवस्थानचे शेत, पश्चिमेला ओहोळ, उत्तरेला सार्वजनिक वाट, दक्षिणेला दुसऱ्या एकाची बागायत. मग मी सर्वे प्लॅनवरचे उपविभाग क्रमाने विचारले. विक्रीला काढलेला उपविभाग पश्चिमेकडे ओहोळापर्यंत पोहोचतच नव्हता. त्याच्या आणि ओहोळाच्या मध्ये आणखी एक उपविभाग होता आणि त्यावर भलत्याच माणसाचे नाव लागले होते. याचा अर्थ जुन्या खतातली मिळकत सर्वेक्षणात दोन तुकड्यांत विभागली गेली होती आणि त्यांपैकी एक तुकडा दुसऱ्याच्या नावावर गेला होता. क्षणभर दोन्हीकडे शांतता होती. नंतर बाई म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही उद्यापासून माझ्याकडे का येत नाही?”

गोव्यातली जमिनीची कागदपत्रे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे काम किती गुंतागुंतीचे आहे ते ठाऊक आहे. मुक्तीनंतर १९६८ च्या भू-महसूल संहितेखाली नवे सर्वेक्षण झाले आणि जमिनीच्या नोंदींचा एक-चौदाचा उतारा आला, ज्याला सगळे ‘वन-फोर्टीन’ म्हणतात. त्याआधीचे बरेचसे जुने व्यवहार पोर्तुगीज काळातल्या नोंदणीत आहेत. तिथे मिळकतीला क्रमांकाबरोबर स्वतःचे नाव असते आणि तिचे वर्णन चार हद्दींच्या शब्दांत केलेले असते. उताऱ्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होते असे नाही. तिथे अनेकदा कुटुंबातल्या एकाच भावाचे नाव लागलेले असते, कुठे कुळाच्या रकान्यात नोंद असते, कुठे मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, घर असते. त्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला पती-पत्नीच्या समाईक मालमत्तेचा नियम असल्यामुळे वेगळा करार नसेल तर विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात. दस्तऐवज ऐकताना अशी राहिलेली पत्नीची सही माझ्या कानाला चटकन खटकते. डोळ्यांनी वाचणारा ओळीमागून ओळ भरभर टाकत जातो. मला प्रत्येक शब्द त्याच्या क्रमाने ऐकावाच लागतो.

हद्दी नुसत्या मनात धरून चालत नाही, कारण दहा-बारा उपविभाग असले की गोंधळ उडतो. त्यासाठी मी रबराच्या पाट्यावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून लावतो. त्यावर बॉलपेन दाबून ओढले की रेघ फुगून वर येते आणि बोटाला लागते. माझा जुनाच गुण्या मी आता खाचा पाडून वापरतो. वकीलबाईंच्या कार्यालयातली एक तरुण सहायक मापे वाचते, मी रेघा काढतो, मग बोट फिरवत हद्द कुठे जुळते आणि कुठे तुटते ते तपासतो. ओहोळासाठी नागमोडी रेघ, वाटेसाठी दोन समांतर रेघा, घरासाठी दाट ठिपके, असे संकेत आम्ही ठरवले आहेत. त्या पाट्यावर पहिल्यांदा एक पूर्ण भूखंड बंद झाला आणि शेवटची रेघ पहिल्या बिंदूला येऊन मिळालेली बोटाला कळली, तेव्हा मला झालेला आनंद पूर्वी मोठमोठ्या इमारतींचे आराखडे मंजूर झाल्यावरही झाला नव्हता.

पैशांविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण अशा लेखांत ते टाळले जाते. माझे उत्पन्न पूर्वीपेक्षा कमी आहे. पगाराऐवजी प्रकरणागणिक मोबदला ठरवण्याचा आग्रह मी स्वतः धरला, कारण पगार दिला की त्यात दया किती आणि कामाची किंमत किती हे दोन्हीकडच्यांना कळेनासे होते. प्रकरणाचा मोबदला मात्र कामावरच ठरतो. माझी छाननी चुकली तर पुढचे प्रकरण येणार नाही, आणि ते येत राहते म्हणजे काम होते आहे. मदत घेण्याबद्दल मला कमीपणा वाटत नाही. वाचून दाखवणाऱ्या मुलीचा वेळ हा या कामाचा खर्चच आहे, जसा पूर्वी आराखड्यांच्या प्रती काढण्याच्या अमोनिया प्रिंटचा असे. तीही आता जुन्या खतांतल्या हद्दी माझ्याआधी पकडू लागली आहे आणि तिला हे काम शिकवणे हा माझ्या दिवसाचा सर्वांत आवडता भाग झाला आहे.

अडचणी पुष्कळ उरल्या आहेत. तक्ता ऐकताना एका वेळी एकच घर ऐकू येते, त्यामुळे उताऱ्यातले रकाने मला आधी साध्या वाक्यांत लिहून घ्यावे लागतात. सर्वांत मोठी अडचण जुन्या दस्तऐवजांची आहे. ते आमच्या हाती पडतात ते छायाप्रतीच्या किंवा स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात, आणि चित्रापुढे स्क्रीन रीडर मुका होतो. छापील मजकूर असेल तर अक्षरओळख करणारी सॉफ्टवेअर तो बऱ्यापैकी वाचतात, पण शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाचे वळणदार पोर्तुगीज हस्ताक्षर माझ्याकडच्या सॉफ्टवेअरला झेपत नाही. त्यासाठी पोर्तुगीज जाणणारी वृद्ध मंडळी शोधावी लागतात, आणि दरवर्षी त्यांतली काही कमी होतात. नोंदणीची ही जुनी पुस्तके एकदा जाणकारांकडून वाचून घेऊन टंकलिखित मजकुराच्या रूपात उतरवण्याचे काम सरकारने हाती घेतले पाहिजे, आणि ते ही मंडळी आहेत तोवर व्हायला हवे. याचा उपयोग माझ्यासारख्या दृष्टिहीनाला जितका होईल तितकाच पोर्तुगीज न शिकलेल्या तरुण वकिलाला आणि आपल्याच आजोबांच्या बागायतीची हद्द शोधत मामलेदार कार्यालयात फेऱ्या घालणाऱ्या गावकऱ्याला होईल. तशा अर्जाचा मसुदा वकीलबाई आणि मी मिळून तयार करतो आहोत; गोव्यातले जे वाचक अशी कागदपत्रे हाताळतात त्यांनीही आपापल्या तालुक्यातून ही मागणी लेखी करावी, अशी माझी विनंती आहे.